लँगहोमचा माल्कम, माळव्याचा माल्कम



महाबळेश्वरच्या मुख्य बाजारपेठेचे जुने नाव माल्कम पेठ आहे, हे तिथे सहलीला जाऊन आलेल्यांपैकी काहींना माहीत असेल. आपल्या इंदूरपासून एका तासाच्या आत जिथे पोहोचता येते ती महूची छावणी त्याच माल्कमसाहेबांनी १८१८ साली वसवली. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, त्यांचा संगमरवरी पुतळा उभा आहे. आणि स्कॉटलंडमध्ये लँगहोम नावाच्या एका लहानशा गावावर जी टेकडी आहे, तिच्या माथ्यावर त्यांच्या नावाचा शंभर फूट उंचीचा दगडी स्तंभ आहे. एकाच माणसाच्या या चार खुणा. या माणसाने होळकरांच्या फौजेचा पराभव केला आणि त्याच माणसाने अहिल्याबाईंचे गुणगान इंग्रजीत छापून जगाला सांगितले. म्हणून त्याची हकीकत आपल्या शाळेतील मुलांना माहीत असावी असे आम्हांस वाटते. आम्ही स्वतः पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलो. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात महिदपूरची लढाई दोन ओळींत उरकलेली होती आणि माल्कमचे नावही नव्हते. पुढे वाचन वाढले तेव्हा कळले की आपल्या शहराचे राजधानीपणसुद्धा त्या दोन ओळींतून निघाले आहे.

आधी गाव पाहू. लँगहोम हे स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला आहे, इंग्लंडची सीमा तिथून तेरा-चौदा किलोमीटरवर. लिहायचे लँगहोम, पण गावकरी म्हणतात लँगम. यात हसण्यासारखे काही नाही, आपणही घरात इंदूर म्हणतो आणि स्टेशनच्या पाटीवर इंदौर वाचतो. एस्क नावाची नदी गावातून वाहते आणि यूज व वॉकप हे दोन प्रवाह तिला इथेच येऊन मिळतात. वस्ती जेमतेम दोन हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्याएवढी. आजूबाजूला मेंढ्या चरणाऱ्या हिरव्या-तपकिरी टेकड्या. मेंढ्यांमुळे लोकर आणि लोकरीमुळे गिरण्या. एकोणिसाव्या शतकात इथले ट्वीड कापड दूरदूर जात असे. आता बहुतेक गिरण्या बंद पडल्या आहेत. गिरणगाव ओस पडणे म्हणजे काय, हे इंदूरच्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको.

सीमेवरचे गाव असल्याने त्याचा जुना इतिहास मारामारीचा आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड ही दोन वेगळी राज्ये असताना सीमेच्या दोन्ही बाजूंची घराणी रात्री घोड्यांवर निघून एकमेकांची गुरे पळवीत. लँगहोमच्या बाजूला आर्मस्ट्राँग घराण्याचा दरारा होता. गावाजवळ त्यांच्या किल्ल्याचे पडके अवशेष आजही आहेत. त्यांच्यातला जॉनी आर्मस्ट्राँग इतका डोईजड झाला की १५३० साली स्कॉटलंडच्या राजाने, पाचव्या जेम्सने, त्याला माणसांसकट फासावर चढवले. याची एक गमतीदार पुरवणी आहे. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग १९७२ च्या मार्चमध्ये या गावात आले, कारण त्यांच्या घराण्याचे मूळ या भागात आहे. गावाने त्यांना सन्मान्य नागरिकत्व दिले. त्या समारंभात एक जुना कायदा गंमत म्हणून वाचून दाखवला गेला असे सांगतात: आर्मस्ट्राँग आडनावाचा माणूस गावात सापडला तर त्याला फाशी द्यावी!

अशा या दरीत, लँगहोमपासून काही मैलांवर बर्नफूट नावाच्या शेतावर, २ मे १७६९ रोजी जॉन माल्कमचा जन्म झाला. वडील जॉर्ज माल्कम हे जमीन खंडाने घेऊन कसणारे शेतकरी. भावंडे एकूण सतरा. वडिलांना व्यवहारात मोठी खोट बसली आणि घर कर्जात बुडाले. मुलांना लवकरात लवकर बाहेर कामाला लावणे भाग पडले. जॉनला वेस्टरकर्कच्या शाळेत आर्चिबाल्ड ग्रॅहम नावाचे मास्तर होते. वर्गात कोणतीही खोडी झाली की मास्तर चौकशी न करता म्हणत, याच्या मुळाशी जॉकच असणार. जॉक म्हणजे आपला जॉन. (मास्तरांचा अंदाज बहुधा बरोबरच निघत असावा. शाळेत इतकी वर्षे काढल्यावर आम्ही हे खात्रीने सांगू शकतो.) १८१५ साली माल्कमसाहेबांचा इराणच्या इतिहासाचा दोन खंडांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याची एक प्रत त्यांनी आपल्या जुन्या मास्तरांना पाठवली आणि तीवर मास्तरांचेच ते वाक्य लिहून दिले, की याच्याही मुळाशी जॉकच आहे.

त्याच शाळेतून त्याच्याआधी बारा वर्षे वयाने मोठा असा आणखी एक मुलगा बाहेर पडला होता. त्याचे नाव थॉमस टेलफर्ड. मेंढपाळाचा मुलगा, वडील जन्मानंतर काही महिन्यांतच वारलेले. तो लँगहोममध्ये पाथरवटाचे काम शिकला. गावात एस्क नदीवर जो पूल आहे, त्याच्या बांधकामावर या मुलाने हातात छिन्नी घेऊन काम केले. त्याने घडवलेली दगडी चौकट गावाने जपून ठेवली आहे. माल्कमच्या आईचे माहेर पास्ली घराण्यातले. त्यातल्या एका बाईंनी या पाथरवट पोराला आपली पुस्तके वाचायला दिली. पुढे टेलफर्ड ब्रिटनचा सर्वांत मोठा रस्ते आणि पूल बांधणारा अभियंता झाला. मेनाई सामुद्रधुनीवरचा १८२६ चा झुलता पूल त्याचाच. १८३४ साली तो वारला तेव्हा लँगहोम आणि वेस्टरकर्क या दोन्ही ठिकाणच्या ग्रंथालयांसाठी त्याने मृत्युपत्रात पैसे ठेवलेले निघाले. वेस्टरकर्कचे ग्रंथालय १७९३ मध्ये जवळच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांनी सुरू केलेले आहे, हे विश्वस्त मंडळींनी मुद्दाम लक्षात घ्यावे.

आता पुन्हा जॉनकडे. लंडनमध्ये व्यापार करणारे त्याचे मामा जॉन पास्ली यांनी त्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नेले. बारा वर्षांचे पोर पाहून संचालक त्याला परत पाठवण्याच्या बेतात होते. कुणीतरी सहज विचारले की हैदर अली समोर आला तर काय करशील? पोराने उत्तर दिले की तलवार उपसून त्याचे डोके उडवीन. त्याला नोकरी मिळाली. हा प्रसंग आज वाचताना आम्हांस हसू येते आणि थोडे वाईटही वाटते. एक बारा वर्षांचा मुलगा, ज्याने हिंदुस्थान नकाशावर तरी पाहिला होता की नाही कोण जाणे, कर्जातल्या घराची सोय लागावी म्हणून दुसऱ्याच्या मुलखात डोकी उडवायला निघाला होता. १७८३ साली तो मद्रासला उतरला.

सुरुवातीची वर्षे उनाडपणात गेली. खेळ, शिकार, दंगा आणि उधारी. कर्ज इतके वाढले की खाण्याची पंचाईत झाली. तेव्हा बाजारातल्या एका म्हाताऱ्या बाईने, जमेल तेव्हा पैसे दे म्हणून, त्याला उधारीवर जिन्नस पुरवले असे त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे सुस्थितीत आल्यावर त्याने त्या बाईला कायमचे वेतन बांधून दिले. आपला जम बसायचा असेल तर फौजेतल्या नुसत्या कवायतीने भागणार नाही, भाषा यायला हवी, हे त्याला लवकरच उमगले. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्याच्या वेळी कंपनीचे वकील टिपूशी आणि निजामाशी फारसीतून बोलत होते. ते पाहून त्याने फारसीचा नाद घेतला. बाकी सगळे आयुष्य त्या एका निश्चयावर उभे राहिले. हैदराबादच्या रेसिडेंटचा साहाय्यक, १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईनंतर म्हैसूर आयोगाचा थॉमस मन्रोबरोबरचा चिटणीस, मग थेट इराणच्या शहाच्या दरबारी वकील. इराणात बटाटा नेण्याचे श्रेयही लोक त्याला देतात. तिथे बटाट्याला काही काळ आलू-ए-माल्कम म्हणत.

मराठ्यांशी त्याचा संबंध १८०३ पासून आला. दौलतराव शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला त्या वाटाघाटींच्या सुमारास तो जनरल वेलस्लीच्या छावणीत होता आणि पुढचा बुऱ्हाणपूरचा तह त्याने स्वतः घडवला. ग्वाल्हेरचा किल्ला कुणाचा, यावर वाद निघाला. तहाची भाषा संदिग्ध होती. माल्कमचे मत पडले की शब्दांचा कीस काढून किल्ला ठेवून घेण्यापेक्षा तो शिंद्यांना द्यावा, इंग्रजांची पत राहील. गव्हर्नर जनरल त्याच्यावर भयंकर रागावले. पण १८०५ च्या नोव्हेंबरात माल्कमनेच केलेल्या नव्या तहाने ग्वाल्हेर शिंद्यांकडे परत गेले. ग्वाल्हेरच्या आमच्या नातलगांना आम्ही ही गोष्ट आवर्जून सांगतो. त्यानंतर महिनाभरातच यशवंतराव होळकरांशी पंजाबात बियास नदीकाठी जो तह झाला, त्यातही मध्यस्थ माल्कमच होता.

आता महिदपूर. १८११ साली यशवंतराव वारले. गादीवर दुसरे मल्हारराव, वय लहान. कारभार तुळसाबाईंच्या हाती. फौजेचे पगार थकलेले, सरदारांत फूट. २० डिसेंबर १८१७ रोजी होळकरांच्याच सैन्यातील माणसांनी तुळसाबाईंना पकडून क्षिप्राकाठी ठार मारले. दुसऱ्या दिवशी, २१ डिसेंबरला, सर थॉमस हिस्लॉपच्या हाताखालील इंग्रज फौज समोर आली. क्षिप्रा ओलांडून तोफांवर चालून जाणाऱ्या तुकड्यांचे नेतृत्व माल्कमने केले. होळकरांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. मरेपर्यंत ते जागेवर उभे राहिले, हे शत्रूनेही नोंदवून ठेवले आहे. इंग्रजांची सुमारे पावणेआठशे माणसे मेली किंवा घायाळ झाली, होळकरांची तीन हजारांच्या आसपास. यशवंतरावांची कन्या भीमाबाई स्वतः घोड्यावर बसून लढल्या असे आपल्याकडे सांगत आले आहेत. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. होळकरांकडून वाटाघाटीला किबे घराण्यातले तात्या जोग होते. सातपुड्याच्या दक्षिणेचा सगळा मुलूख गेला, राजपूत राज्यांवरचा हक्क गेला, परराष्ट्रांशी बोलण्याची मुभा गेली. उरलेल्या राज्याची राजधानी इंदूर ठरली. आपण राजवाड्यासमोर उभे राहून ज्या शहराचा अभिमान बाळगतो, त्याची राजधानी म्हणून सुरुवात एका पराभवाच्या कागदाने झाली. हे कडू आहे, पण खरे आहे.

त्याच वर्षी दुसरे बाजीराव पेशवे पळता पळता असीरगडाजवळ खैरी येथे आले आणि जूनच्या आरंभी माल्कमच्या स्वाधीन झाले. माल्कमने त्यांना वर्षाला आठ लाख रुपये वेतनाचे वचन दिले. हा आकडा ऐकून गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज नाराज झाले. माल्कमचा हिशेब सरळ होता: असीरगडासारख्या किल्ल्याच्या आश्रयाने लढाई लांबली असती तर याहून जास्त पैसा आणि माणसे गेली असती. वचन दिले गेले होते, ते पाळावे लागले. बाजीराव ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, १८५१ पर्यंत जगले. आठ लाखांस तेहतीस वर्षांनी गुणून पाहा, म्हणजे कंपनीला ते वचन केवढ्याला पडले ते कळेल. ते वारल्यावर मात्र कंपनीने नानासाहेबांना वेतन नाकारले. तेव्हा माल्कम हयात नव्हते. १८५७ ला काय झाले ते इयत्ता आठवीची मुले सांगतील.

१८१८ ते १८२१ माल्कमसाहेब माळव्यात राहिले. मुक्काम बहुतेक महूला. माणूस साडेसहा फुटांच्या आसपास उंच, हसणे मोठे, बोलणे त्याहून मोठे. त्यांच्या डेऱ्याचे चारही दरवाजे खुले असत आणि चार दरवाजे खुले हे शब्दच त्यांच्या कारभाराचे नाव बनले. मधल्या दुभाष्या-कारकुनांना चिरीमिरी न देता शेतकरी, भिल्ल, जहागीरदार थेट आत येत. आमच्या मते त्यांच्या सगळ्या कामगिरीत हीच सर्वांत मोठी. पेंढाऱ्यांनी उजाड केलेली गावे पुन्हा वसली, त्यात या खुल्या दारांचा वाटा होता. अर्थात ती दारे त्यांची नव्हती. मुलूख दुसऱ्याचा होता आणि दार उघडायचे की लावायचे हे ठरवण्याचा अधिकार तलवारीने मिळवलेला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

या मुक्कामात त्यांनी माळव्याची माहिती गोळा केली. त्यातून १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानाविषयीचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा पंचवीसेक वर्षे झाली होती. त्यांना पाहिलेली, त्यांच्या पदरी राहिलेली माणसे अजून हयात होती. माल्कमना आधी वाटले की ही स्तुती पढवलेली असावी. म्हणून त्यांनी वेगवेगळ्या थरांतल्या, होळकरांशी संबंध नसलेल्या लोकांनाही विचारून पाहिले. जितकी चौकशी केली तितका आदर वाढत गेला, असे त्यांनी नमूद केले आहे. रोजचा दरबार, न्याय, हलके कर, दानधर्म, आणि कन्या मुक्ताबाई सती गेली त्या दिवशीचा आईचा आकांत, हे सारे त्या पानांत आहे. नंतरच्या कित्येक इंग्रजी पुस्तकांनी अहिल्याबाईंविषयी लिहिताना याच पानांचा आधार घेतला. जिंकणाऱ्याने हरलेल्यांच्या घरातली सर्वांत मोठी व्यक्ती शोधून तिच्यापुढे टोपी काढावी, असे इतिहासात फार वेळा घडत नाही.

मुंबईचे गव्हर्नरपद त्यांना १८१९ मध्येच हवे होते. ते एल्फिन्स्टन यांना मिळाले आणि माल्कमसाहेब फार दुखावले. शेवटी १८२७ च्या नोव्हेंबरात एल्फिन्स्टन यांच्यानंतर ते त्या जागी आले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी १८२९ साली करार करून महाबळेश्वरचे पठार घेतले, मोबदल्यात एक गाव दिले, आणि हवापालटाचे ठाणे वसवले. माल्कम पेठ ती हीच. १८३० च्या नोव्हेंबरात बोर घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पुण्याहून मुंबईला गाडीने उतरता येऊ लागले. त्याच वर्षी ते कायमचे मायदेशी गेले. काही काळ पार्लमेंटात बसले, रॉबर्ट क्लाइव्हचे चरित्र लिहायला घेतले. ते पुरे होण्याआधीच ३० मे १८३३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय ६४.

लँगहोमच्या दरीतल्या या एका शेतकऱ्याच्या घरातून चार भाऊ सर झाले. जेम्स, पल्टनी आणि जॉन या तिघांना १८१५ मध्ये एकाच वेळी किताब मिळाला. चौथा चार्ल्स मुंबईच्या आरमाराचा प्रमुख झाला. पल्टनी हा नौदलात अ‍ॅडमिरल. त्याचा पुतळा गावात ग्रंथालयाजवळ आहे. जॉनसाठी लोकांनी व्हिटा टेकडी निवडली. १८३५ मध्ये पायाभरणी होऊन साडेतीनशे मीटर उंचीच्या त्या टेकडीवर पांढरट दगडाचा स्तंभ उभा राहिला. तो मैलोगणती दुरून दिसतो.

या टेकडीवर दरवर्षी जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी घोडेस्वारांची झुंबड उडते. गावाच्या सामाईक गायरानाच्या हद्दीवरून एकदा मोठा वाद झाला होता आणि १७५९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. तेव्हापासून वर्षातून एकदा हद्द फिरून पाहायची प्रथा पडली. माल्कमच्या जन्माआधी दहा वर्षांची ही गोष्ट. कॉर्नेट म्हणून निवडलेला तरुण झेंडा घेऊन पुढे आणि मागे शेकडो स्वार, बाजारातून कर्क वाइंड नावाच्या अरुंद चढणीने सुसाट वर. मिरवणुकीत जवाची भाकर आणि तिच्यावर खिळ्याने ठोकलेला खारा मासा काठीवर मिरवतात, शिवाय काटेरी थिसलचे झाड, फुलांचा मुकुट आणि हद्दीवरचे गवत उकरायचे फावडे. आपल्या वेशीपूजनाची आठवण व्हावी असाच प्रकार.

टेकडीच्या उतारावर आणखी एक स्मारक आहे, उघड्या पुस्तकाच्या आकाराचे, धातूचे. ते ह्यू मॅकडर्मिड या कवीचे. १८९२ साली इथे एका पोस्टमनच्या घरी त्याचा जन्म झाला. हे कुटुंब ग्रंथालयाच्याच इमारतीत राही आणि हा मुलगा कपडे धुवायची टोपली घेऊन वर जाई व पुस्तके भरून खाली आणी. शिकलेले लोक इंग्रजीत लिहीत असताना त्याने घरच्या स्कॉट्स बोलीत कविता लिहिली आणि त्या बोलीला पुन्हा मान मिळवून दिला. गावाशी त्याचे फारसे पटले नाही, पण १९७८ मध्ये त्याला मूठमाती गावानेच दिली.

अलीकडची एक गोष्ट सांगून थांबतो. व्हिटा टेकडीच्या पलीकडची माळजमीन पिढ्यान्‌पिढ्या एका मोठ्या सरदार घराण्याच्या मालकीची होती. ती विक्रीला निघाली तेव्हा लँगहोमच्या लोकांनी वर्गणी काढली, देशभरातून देणग्या मागितल्या, आणि २०२१ मध्ये पाच हजारांवर एकर व २०२२ मध्ये जवळजवळ तेवढीच दुसरी जमीन विकत घेतली. आता तिथे टारस खोऱ्याचे निसर्गरक्षित क्षेत्र आहे आणि त्याचे मालक ते दोन हजार गावकरी आहेत.

– मुख्याध्यापक